फिरायला, शिकायला की कामाला

दसऱ्याच्या आधी तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि झाशीजवळच्या बरुआसागरच्या तळ्याखालच्या वावरांत पाणी तुंबलं. हवा होता तेव्हा तोंड लपवून बसला आणि नको तेव्हा आला मेला. नीलकंठरावांचं आल्याचं वावर तर अगदी उताराच्या तोंडाशी. पाणी ओसरलं तेव्हा पाती पिवळी पडली होती. दुर्गानं एक गड्डा उपसून नाकाशी नेला, मग अंगठ्यानं दाबून पाहिला. अंगठा सरळ आत गेला.

"काढायला घ्यावं लागेल," ती म्हणाली. "पौषापर्यंत थांबलो तर हाताला चिखल येईल नुसता."

नीलकंठराव धोतर गुडघ्यावर खोचून बांधावर उभे होते. गावातल्या लहानशा गणपतीची पूजा त्यांच्याकडे, आणि हे सव्वा एकर. पूजेत जीव, वावरात फक्त पाय. "सगळं आत्ताच काढायचं म्हणजे माणसं किती लागतील," एवढंच ते म्हणाले आणि देवळाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

माणसं कुठली मिळताहेत? सगळ्यांचंच आलं कुजत होतं. मिळाली ती एकटी जानकी, शेजारच्या वस्तीतली, दुर्गाच्याच वयाची. दोघी उकिडव्या बसून सरकत सरकत कुदळीनं सरी उकरत, गड्डा हलवून माती झाडत, कुजका भाग खुरप्यानं छाटून टाकत. आल्याचा रस नखांच्या कडांतून आत जायचा आणि हात झोंबत राहायचे. दुपारपर्यंत कंबर सरळ करायची म्हटलं तरी आधी जमिनीवर दोन्ही हात टेकावे लागत. दुर्गा चौपन्न वर्षांची होती आणि गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी म्हातारे होते.

चौथ्या दिवशी सकाळी वावरातच मुग्धाचा फोन आला. मुग्धा एकुलती एक लेक, लग्न होऊन सहा वर्षं तिकडे. गावाचं नाव दुर्गाच्या जिभेला कधी वळलं नाही. घरात सगळे नुसतं 'तिकडे' म्हणत. तिकडे रात्र होती आणि मुग्धाला झोप येत नव्हती.

"आई, डॉक्टर बोलली की मार्गशीर्षात होईल. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या हफ्त्यात." मुग्धाचं मराठी झाशीतल्या मुलांसारखंच, अर्धं हिंदीत बुडालेलं. "तू येशील ना? मंदारची तर नाइट ड्यूटी आहे. मी पूरी रात अकेली असते."

"येते म्हटलं ना."

"मागच्या वेळी पण तू येते बोलली होती."

मागच्या खेपेला दुर्गाचा पासपोर्ट हातात यायच्या आतच, सातव्या महिन्यात, मुग्धाचं पोट रिकामं झालं होतं. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आली तेव्हा घरात कुणी नव्हतं, आणि दूध आलं होतं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, तेव्हा तिनं फोन करून विचारलं होतं, "आई, ह्याचं काय करू?" हजारो कोसांवरून कोबीची पानं बांध म्हणून सांगताना दुर्गाची काय गत झाली ते तिलाच ठाऊक. आयुष्यभर लोकांच्या बाळंतिणी सांभाळल्या आणि पोटच्या पोरीला पाण्याचा तांब्या द्यायला कुणी नाही. ह्या वेळी काही झालं तरी जायचं, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

लोकांच्या बाळंतिणी सांभाळल्या, हे घरात बोलायचं नसे. सासूकडून दुर्गा शिकली होती. बाळंतिणीचं अंग रगडणं, शेक देणं, ओवा-शेपाची धुरी, पोट बांधणं. आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं. देवळाच्या दक्षिणेवर चूल पेटेना तेव्हा ती झाशीत रेल्वेतल्या मराठी घरांतून जायला लागली. मग दतिया गेटच्या जुन्या घरांनी बोलावलं, मग हिंदी घरांनीही. तिच्या हातचं बाळ रडत नाही असा तिचा लौकिक झाला. बत्तीस वर्षं ती पहाटेच्या बसनं जात आली आणि दुपारी वावरात परतली. नातेवाईक पाठीमागे म्हणत, भटजींची बायको लोकांची घाण धुते. नीलकंठरावांनी त्या पैशाचं धान्य खाल्लं, लेकीची फी भरली, पण कुणी विचारलं की म्हणत, "अहो, ओळखीपाळखीत मदतीला जाते." मुग्धाचं लग्न ठरवताना मंदारच्या घरच्यांनाही तेच सांगितलेलं: आई घरीच असते.

दुर्गाला ह्याचा राग येई. पण राग यायचा तो भाकरी थापताना यायचा आणि तव्यावरच विरायचा.

दुसऱ्या दिवशी जानकीवर वावर सोपवून नवरा-बायको बसनं झाशीला गेली. इलाइट चौराह्यावर मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर अशोक नावाच्या माणसाचं ऑफिस होतं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं तो करून द्यायचा. भिंतीवर विमानाचं मोठं चित्र आणि खाली प्लास्टिकच्या चार खुर्च्या. दुर्गानं पायातल्या चपला जिन्यातच काढल्या. अशोकनं पाहिलं आणि म्हणाला, "अरे आंटीजी, पहन के आइए, मंदिर थोड़े है." खुर्चीतली दोन पोरं हसली. ती परत खाली जाऊन चपला घालून आली.

अशोक माणूस वाईट नव्हता. कुणीतरी रद्द केलेली दिल्लीच्या मुलाखतीची तारीख त्यानं कॉम्प्युटरवर शोधून काढली: वीस दिवसांनी. मग त्यानं समजावलं की व्हिसा मुख्यतः तीन तऱ्हांचा. फिरायला, नातेवाइकांना भेटायला जायचा एक. शिकायला जायचा दुसरा. कामाला जायचा तिसरा, आणि तो मिळायला वर्षं जातात, तिकडच्या मालकाची चिठ्ठी लागते.

"आपका पहला वाला बनेगा. घूमने-मिलने का."

"पर हम घूमने कहाँ जा रहे हैं," दुर्गा म्हणाली. "बेटी की जचगी करने जा रहे हैं."

"हाँ हाँ, वही. मिलने."

"मिलने में और जचगी करने में फरक होता है भैया."

नीलकंठरावांनी तिच्याकडे पाहिलं, ह्याचा अर्थ गप्प बस. पण तिला खरंच कळत नव्हतं. फिरायला, शिकायला, कामाला. आईनं लेकीचं बाळंतपण करायला जायचं ते ह्यातल्या कुठल्या खान्यात बसतं? अशोक हसून म्हणाला, "आंटीजी, वो खाना किसी देश ने नहीं बनाया." आणि त्यानं पुढचा प्रश्न विचारला. व्यवसाय?

दुर्गानं तोंड उघडायच्या आत नीलकंठराव म्हणाले, "हाउसवाइफ. घर पर रहती हैं."

अशोकच्या बोटांनी ते टाइप केलं. दोघं निघताना त्यानं तिला बजावून सांगितलं: खिडकीवरची बाई किंवा साहेब विचारेल तेवढंच बोलायचं. बेटी से मिलने जा रही हूँ, दो महीने में वापस आऊँगी. यहाँ पति हैं, खेती है. बस. एक अक्षर जास्त नाही.

पुढचे वीस दिवस आलं आणि ती दोन वाक्यं एवढंच चाललं. सकाळी देवळातून आल्यावर नीलकंठराव वावरात येत आणि बांधावर बसून साहेब होत.

"क्यों जा रही हैं?"

"बेटी से मिलने." खुरप्याखाली सडका कंद फटकन फुटे.

"वहाँ क्या करेंगी?"

"बेटी के साथ रहूँगी. घूमूँगी."

"घूमूँगी म्हणताना मान खाली नको घालू. खोटं बोलतेय असं वाटतं."

"खोटंच आहे ना पण ते."

"खोटं काय त्यात? दोन दिवस फिरशील की तिच्याबरोबर."

"ओली बाळंतीण फिरेल अहो?"

जानकी ऐकत असे. एकदा ती कुदळ टेकवून म्हणाली, "बाईसाब, मोड़ी के घरै जावे खों महतारी सें इत्ते सवाल? कौन जमानो आ गओ." लेकीच्या घरी जायला आईला इतके प्रश्न, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. दुर्गाच्याही शिरत नव्हतं, पण ती पाठ करत राहिली.

दुपारी ती दुसरं काम करी. चांगल्यातलं चांगलं आलं निवडून, सोलून, पत्र्यावर वाळत घातलं. त्याची सुंठ होणार. डिंक तळला, खारीक कुटली, अळीव निवडले. जुन्या धोतराचे लंगोट शिवले, मऊ व्हावेत म्हणून दहा-दहा वेळा धुतले. वेखंडाचं एक कांडं आणि घुटी उगाळायची सहाण फडक्यात बांधून ठेवली. अशोकनं फोनवर सांगितलं की दगड वगैरे नेऊ नका, विमानतळावर उघडून बघतील. तिनं सहाण काढली आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवली.

वावर अर्ध्याहून जास्त निघालं. निघालं त्यातलं निम्मं कुजलेलं. हाताच्या बोटांची कातडी आल्याच्या रसानं आणि चिखलानं उलून गेली, भेगा पडल्या. रात्री तेल लावलं तरी सकाळी पुन्हा तेच.

दिल्लीला जायच्या दिवशी तिनं लग्नाकार्याची हिरवी साडी नेसली. झाशीहून पहाटेची गाडी पकडून दोघं दिल्लीला उतरली, रिक्षानं वकिलातीच्या रस्त्यावर आली. आठ दिवसांपूर्वी एकदा येऊन फोटो-ठसे देऊन झाले होते. तेव्हाही यंत्रानं तिची बोटं तीनदा नाकारली होती आणि तिथल्या मुलीनं ओल्या कागदानं पुसून पुसून कसेबसे ठसे घेतले होते. आज नवऱ्याला आत सोडलं नाही. नीलकंठराव समोरच्या फुटपाथवर झाडाखाली बसले, हातात तिची चपात्यांची पिशवी. "दोन वाक्यं," ते म्हणाले. तिनं मान हलवली.

आत तीन तास रांग होती. पुढच्या प्रत्येकाच्या हातात जाड फायली होत्या. एक शिकायला जाणारा मुलगा इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होता, एक नवराबायको एकमेकांना तारखा विचारत होती. दुर्गाही ओठांतल्या ओठांत म्हणत होती, बेटी से मिलने, बेटी से मिलने. तिची पाळी आली.

खिडकीच्या काचेपलीकडे एक गोरी बाई होती, चाळिशीची. हिंदी बोलली. शिकलेली हिंदी, पण स्वच्छ. तिनं आधी नमस्ते केलं आणि हसली. दुर्गाला बरं वाटलं. साहेब असेल म्हणून ती धास्तावली होती, तर ही बाईमाणूस निघाली.

"उँगलियाँ यहाँ रखिए."

यंत्र लाल झालं. पुन्हा रखिए. पुन्हा लाल. दुर्गानं पदरानं बोटं पुसली. तिसऱ्या खेपेला हिरवं झालं, पण बाई काचेतून तिच्या हातांकडे बघत होती.

"आप हाथों से बहुत काम करती हैं?"

"जी, अदरक खोद रहे हैं. अपने खेत की."

"अच्छा. और वहाँ क्यों जा रही हैं?"

"बेटी से मिलने. दो महीने में वापस आऊँगी." दोन्ही वाक्यं एका दमात झाली. आता सुटलो, असं तिला वाटलं.

"बेटी को बच्चा होने वाला है?" बाई कागद बघत होती. "तो आप वहाँ क्या करेंगी?"

घूमूँगी. नुसतं तेवढंच म्हणायचं होतं. वावरात शंभर वेळा म्हटलं होतं. पण समोर बाई होती, लेकुरवाळी असावी अशी, आणि तिच्यापुढे लेक कळा देत असताना मी फिरेन असं कसं म्हणायचं? जीभच उचलेना.

"मालिश करूँगी," दुर्गा म्हणाली. "जच्चा की, बच्चे की. नहलाऊँगी. सेंक दूँगी."

"आपको यह सब आता है?"

बत्तीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. घरात तर नाहीच. ज्यांच्या घरी जायची ते विचारत, कधी येणार, किती दिवस येणार. आता इतक्या मोठ्या ऑफिसात, काचेच्या आड, कागद समोर घेऊन बसलेली एक शिकलेली बाई विचारत होती आणि खरंच ऐकत होती.

"आता है क्या मतलब? यही तो मेरा काम है."

"आपका काम?"

"बत्तीस बरस से. झाँसी में किसी से पूछ लीजिए. ऐसे पाँव लंबे करके बच्चे को पिंडलियों पर लेते हैं, रोता नहीं है. बड़े-बड़े घरों में जाती हूँ."

"इसके पैसे मिलते हैं?"

"मिलते हैं. पैसे देते हैं, साड़ी देते हैं. इज्जत देते हैं."

बाई टाइप करत होती. आवाज तसाच गोड होता. "फॉर्म में हाउसवाइफ लिखा है."

दुर्गा थबकली. "वो तो ऐसे ही लिखवा देते हैं."

"वहाँ बेटी की सहेलियाँ हैं? उन्हें भी ऐसी मदद चाहिए होती होगी."

"चाहिए तो होगी. दो को तो बच्चे होने वाले हैं, बेटी बता रही थी. कोई बुलाएगा तो मना थोड़े ही करूँगी."

ते बोलून झाल्यावर तिला कळलं की काहीतरी बिनसलं. बाईचं हसू तसंच होतं, पण हात थांबले होते. तिनं पासपोर्ट काचेखालून परत सरकवला, वर एक छापील कागद.

"माफ कीजिए. इस वीजा पर काम करने नहीं जा सकते."

"काम नहीं है बाईजी. मेरी बेटी है."

"आपने अभी कहा, यही मेरा काम है."

"बेटी का कौन पैसा लेता है? वो तो..." आणि दुर्गाला पुढचा शब्दच सापडेना. मराठीत सापडत होता, हिंदीत नाही. बाळंतपण करायचं म्हणजे काम करायचं नसतं, एवढंच सांगायचं होतं. मागचा माणूस पुढे सरकला. गार्डनं हातानं बाजूला व्हायची खूण केली.

बाहेर नीलकंठराव उठून उभे राहिले. तिच्या हातात पासपोर्ट पाहून त्यांचा चेहरा फुलला. पासपोर्ट ठेवून घेतात म्हणजे मिळाला, परत दिला म्हणजे नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"नाही म्हणाली," दुर्गा म्हणाली.

"का?"

"कागदात लिहिलंय."

कागद इंग्रजीत होता. परतीच्या गाडीत नीलकंठरावांनी तो चारदा उलगडला आणि चारदा घडी घालून ठेवला. चपात्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी अशोकनं वाचून सांगितलं की हा सगळ्यांना देतात तसलाच कागद आहे, ह्यात खास काही नाही. "क्या पूछा था आंटीजी? क्या बोला आपने?"

"जो सिखाया था वही," दुर्गा म्हणाली.

बत्तीस वर्षांत ती नवऱ्यादेखत एवढं मोठं खोटं बोलली नव्हती, आणि आता खोटं बोलून काही उपयोग नव्हता. दुसरी तारीख पाच महिन्यांनंतरची होती.

मग नीलकंठरावांनी कारण स्वतःच शोधून काढलं. वावराच्या खतौनीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, अजून मेलेल्या थोरल्या भावाचं नाव होतं. जमीन आपल्या नावावर दिसली नाही, म्हणून ही परत येणार नाही असं वकिलातीतल्यांना वाटलं असणार. चूक माझीच, ते म्हणू लागले. दहा वर्षं नाव चढवायचं राहिलं, माझ्या आळसापायी पोर एकटी पडली. पूजा आटोपून ते तहसिलीत जायला लागले. सायकलनं जात, उन्हात बाकावर बसत, कारकून उद्या या म्हणे. एकदा तिथल्या पोरसवदा बाबूनं, "पंडितजी, मंतर पढ़ दो, फाइल अपने आप चल पड़ेगी," म्हणून चार माणसांत हसं केलं. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. दुर्गा ताटात भाजी वाढत होती. हे माणूस माझ्या जिभेपायी अपमान गिळतंय, हे तिला दिसत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

ती वावरात जाऊन खणत राहिली. जानकी म्हणे, जरा बसा, पाणी प्या. ती बसत नसे.

डिसेंबरच्या तीन तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला, मंदारचा फोन आला. मुलगी झाली. पोट चिरून काढावी लागली, पण दोघी बऱ्या आहेत. नीलकंठराव देवळात पळत गेले आणि घंटा वाजवत राहिले. दुर्गानं पत्र्यावरची सुंठ गोळा केली, डब्यात भरली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

पाचव्या दिवशी मुग्धानं फोनवर तोंड दाखवलं. ओठ पांढरे पडले होते. तिनं बाळ दाखवलं. बाळ टाहो फोडून रडत होतं आणि मुग्धा एका हातानं ओल्या कागदानं त्याचं अंग पुसत होती, घाबरत, मोडेल की काय अशा हातानं.

"न्हाऊ नाही घातलं अजून?"

"मला उठायलाच होत नाही आई. टाके दुखतात. इथे एक बाई मिळते, घरी येऊन बाळाला पुसून देते. पर घंटे के हिसाब से. दोन दिवस ठेवली. ती बोलली तिच्याकडे कामाचे पेपर्स आहेत." मुग्धा थांबली. "आई, तुला का नाही दिला गं? मंदार बोलतो, सगळ्यांच्या आयांना मिळतो. तू काय बोलली तिकडे?"

नीलकंठराव शेजारी बसले होते. "खतौनीचा घोळ आहे बाळा," ते म्हणाले. "माझीच चूक."

दुर्गाला ते सहन झालं नाही.

"खतौनी नाही," ती म्हणाली. "मी बोलले. हे माझं काम आहे म्हणून सांगितलं. बत्तीस वर्षं करते, पैसे मिळतात, तिकडेही कुणी बोलावलं तर जाईन."

तिकडे बाळ रडत होतं.

"एकच दिवस होता आई," मुग्धा म्हणाली. तिला रागवायचं नव्हतं, पण रडू आलं की तिचा आवाज तसाच व्हायचा. "एक दिन नहीं बोलती तो क्या हो जाता?"

आणि तिनं फोन ठेवला, कारण बाळाला घ्यायचं होतं.

नीलकंठरावांनी फोन कोनाड्यात ठेवला. मग म्हणाले, "तीन आठवडे मी त्या कचेरीत बसतोय."

"हो."

"तुला दिसत होतं."

"हो."

"मीच तोंड दाबून ठेवलं तुझं इतकी वर्षं," ते म्हणाले. पण ते म्हणण्यात माया होती की राग, हे तिला कळलं नाही, आणि त्यांनाही बहुधा नाही. ते उठून देवळात गेले. जेवायला आले ते तिसऱ्या प्रहरी.

आठवड्यानं दतिया गेटच्या कमलिनीबाई आल्या. स्वतः, बसनं, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांच्या लेकीला, इराला, मुलगा झाला होता. इरा लहानपणी दुर्गाच्याच हातची.

"दुर्गाबाई, उद्यापासूनच या," त्या ओट्यावर टेकत म्हणाल्या. "मी कुणा दुसरीला विचारलंसुद्धा नाही. तुमच्याच पायांवर न्हालेली पोर, आता तिचं लेकरूही तुमच्याच पायांवर."

दुर्गा अंगणात आलं धूत होती, शेवटची दोन पोती. तिनं हात थांबवला नाही.

"मी ते काम करत नाही आता."

"म्हणजे?"

"मी घरीच असते."

कमलिनीबाईंना वाटलं, काहीतरी रुसवा आहे. त्यांनी नीलकंठरावांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणादेखत तो शब्द उच्चारला. "जा गं," ते म्हणाले. "तुझं काम आहे ते. तुझ्यासारखं कुणाला येत नाही."

दुर्गानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "आता कशाला म्हणता," ती म्हणाली आणि पुन्हा आलं चोळायला लागली.

कमलिनीबाई बसून राहिल्या. पेढ्यांचा पुडा तसाच मांडीवर. शेवटी अजिजीनं म्हणाल्या, "बरं, नका येऊ. पण कसं करायचं ते तरी दाखवा मला. मला कधी जमलंच नाही हो ते, पोर घसरेल म्हणून हात कापतात. इराच्या वेळी तुम्हीच होतात."

एवढं मात्र दुर्गाला नाही म्हणवेना. ती उठली, हात पदराला पुसले आणि ओट्याखाली जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसली. साडी गुडघ्यापर्यंत सारली, पाय लांब केले, घोटे जुळवले.

"असे पाय जोडायचे. मध्ये फट नाही पडू द्यायची. आधी उताणं घ्यायचं, डोकं घोट्यांकडे. डाव्या हातानं मान. पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं. मग छातीवर, मग पोटावर. टाळूवर शेवटी. मग उपडं करायचं, हे असं, पोट पिंडऱ्यांवर..."

तिचे दोन्ही हात पिंडऱ्यांवर आले आणि तिथेच राहिले. पायांवर काही नव्हतं. तिनं ते हात उचलले नाहीत, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"कमलिनीबाई," ती म्हणाली, "माझ्या नातीला अजून कुणी पायांवर घेतलं नाही हो."